भाबड्या सूडवीराचं नाटक: हसू कुठे हवं, कुठे नको

तुमचं नाटक दोन अंकी आहे. काळ १६२७, जागा फ्रान्स. गॅस्कनीच्या खेड्यातला सतरा वर्षांचा मुलगा, वडिलांना मारणाऱ्या सरदाराला शोधत पॅरिसला निघतो. कमरेला वडिलांची तलवार, ती त्याच्या उंचीला जरा लांबच. वाटेत खाणावळी, घोडे, गैरसमज आणि चार-पाच लढाया. पहिला अंक वाचताना तुमच्या महाविद्यालयातली मुलं हसून लोळली. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मारेकरी समोर येतो, मुलगा त्याला वडिलांचं नाव सांगतो, आणि तिथेही सगळे हसले. तुम्ही विचारलंय, विनोद कमी करू की शेवट बदलू?

सध्या दोन्ही नको. तो हशा शेवटच्या प्रसंगात जन्मलेला नाही, पहिल्या अंकापासून तो तिथवर चालत आलाय. हा मुलगा तोंड उघडेल तेव्हा हसायचं, हे दीड तास तुम्हीच प्रेक्षकाला शिकवलंत. तो वडिलांचं नाव घेतो तेव्हा प्रेक्षक शिकवलेलंच करतो. तेव्हा खरा प्रश्न विनोद किती हा नाही. या मुलाचे वडील खरोखर मेलेत, हे प्रेक्षकाला कधी पटलं होतं का, हा आहे.

मी संहिता पाहिलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर सोडाव्या लागतील. तीनशे खुर्च्यांच्या सभागृहात जे चालतं ते शाळेच्या पटांगणावर चालत नाही. नायकाचं काम करणारा मुलगा खरंच सतरा-अठराचा असेल तर निम्मं काम त्याचं वयच करतं. सत्तावीसचा असेल तर भाबडेपणा अभिनयाने आणावा लागतो, आणि तो पटकन खोटा वाटतो. तालमीला दोन महिने आहेत की तीन आठवडे, यावर लढायांचं सगळं गणित ठरतं. एवढं सोडून बाकीचं मी माझ्या कामावरून सांगते. कोल्हापुरात मर्दानी खेळाच्या आखाड्यात मी फरी-गदका आणि दांडपट्टा शिकले, पुढे युरोपीय पद्धतीची तलवारबाजी शिकले, आणि पंचवीसहून जास्त वर्षं मराठी नाटकांतल्या आणि बालनाट्यांतल्या लढाया बसवतेय.

आधी एका शब्दाचा निकाल लावू. तुम्ही नायकाला 'भाबडा' म्हटलंय, पण जे प्रसंग कळवलेत त्यांत तो कधी वेंधळा आहे, कधी बावळट. मराठीत हे तीन वेगळे शब्द आहेत आणि रंगमंचावर ती तीन वेगळी माणसं होतात. वेंधळ्याच्या हातून वस्तू पडतात. बावळटाला समोरचं कळत नाही. भाबड्याला कळतं सगळं, हातही चांगला चालतो, फक्त समोरच्याने सांगितलेलं तो खरं धरतो, कारण त्याच्या घरी माणसं खरं बोलत होती. सूडाच्या गोष्टीला हा तिसराच लागतो. वेंधळ्याच्या हातात तलवार दिली की प्रेक्षकाला भीती वाटते ती त्याच्या शेजारी उभ्या असलेल्याची. त्याच्या दुःखाकडे लक्ष जात नाही. भाबड्याच्या हातात दिली की प्रेक्षक त्याच्यासाठी घाबरतो.

या जातीच्या गोष्टींचा मूळपुरुष म्हणजे अलेक्सांद्र द्यूमाची 'थ्री मस्केटियर्स', १८४४ साली वर्तमानपत्रात क्रमशः आलेली. तुमच्यावर तिची छाया आहे, आणि असायलाच हवी. तिच्यातला दार्तान्यां पॅरिसला येतो आणि एका सकाळीत तीन मस्केटियर्सशी, म्हणजे राजाच्या बंदूकधारी सैनिकांशी, तीन द्वंद्वं ठरवून बसतो: बारा वाजता, एक वाजता, दोन वाजता. यावर सगळे हसतात ते का, हे पाहा. तो धावत जाताना अ‍ॅथोसच्या जखमी खांद्याला धडकतो. पोर्थोसच्या झग्यात गुरफटतो आणि त्याला दिसतं की त्याचा सोनेरी पट्टा फक्त पुढून सोनेरी आहे, मागून साधं कातडं. अ‍ॅरामिसचा रुमाल उचलून देतो आणि तो एका बाईचा निघतो. तिन्ही वेळा चूक दार्तान्यांची, पण उघडं पडतं ते दुसऱ्याचं: एकाचं दुखणं, एकाचा बडेजाव, एकाचं प्रेम. भाबड्या नायकाच्या विनोदाचं सगळं यंत्र इथे आहे. त्याची चूक दुसऱ्याच्या झाकल्या मुठी उघडते. तुमच्या पहिल्या अंकातला प्रत्येक हशा या कसोटीवर घासा. मुलगा खुर्चीवरून पडला म्हणून हसू आलं असेल तर ते काढा. मुलाने खाणावळवाल्याला निरागसपणे विचारलं, 'हे सशाचं मटण, मग याचे कान मांजरासारखे कसे?' आणि सगळी खाणावळ चिडीचूप झाली, तर ते ठेवा.

दुसरी गोष्ट, जी बहुतेक जण विसरतात: दार्तान्यां तलवारीत उत्तम आहे. त्याच दिवशी कार्डिनलच्या, म्हणजे राजाचा मुख्य मंत्री रिशल्यू याच्या, रक्षकांशी चकमक उडते आणि हा खेडवळ पोरगा ज्यूसाकसारख्या नावाजलेल्या तलवारबाजाला लोळवतो. तोवर आपण त्याला हसत असतो, त्या क्षणी हसू तसंच राहतं पण त्यात आदर मिसळतो. अ‍ॅथोसशी लढायला उभा राहताना तो त्याला आईने दिलेलं मलम देऊ करतो, तीन दिवसांत खांदा बरा होईल, मग लढू म्हणतो. हे इतकं मनापासून आहे की अ‍ॅथोसलाही तो आवडून जातो. तुमच्या नायकाला एक तरी कौशल्य असं द्या ज्याला कोणी हसू शकणार नाही. वडील तलवारबाजीचे गुरू होते असं तुम्ही लिहिलंय, मग त्यांनी याला काहीच शिकवलं नाही असं कसं? त्यांनी शिकवलेला एक डाव त्याला निर्दोष येऊ दे. बाकी जग येऊ नये.

आता सूडाकडे येते, कारण तुमची मोठी अडचण इथे आहे. द्यूमाच्या कादंबरीत सूड दोन आहेत आणि ते दोन वेगवेगळ्या माणसांकडून घ्यायचे आहेत. पहिला सूड हलका. म्यांग गावात गालावर व्रण असलेला एक अनोळखी माणूस दार्तान्यांच्या पिवळ्या घोड्याची टर उडवतो, त्याला मार खावा लागतो, आणि वडिलांनी दिलेलं शिफारसपत्र चोरीला जातं. पुढे सगळी कादंबरीभर हा माणूस दिसला रे दिसला की दार्तान्यां हातातलं काम टाकून त्याच्यामागे धावतो. हे धावणं विनोदी आहे आणि शेवटपर्यंत विनोदीच राहतं. अखेरीस दोघं तीनदा लढतात, तिन्ही वेळा तो माणूस जखमी होतो, आणि मग दोघं मित्र होतात. दुसरा सूड जड आहे. मिलेडी ही कार्डिनलची हेर दार्तान्यांच्या प्रेयसीला, कॉन्स्टान्सला, विष देऊन मारते. तिला शिक्षा होते त्या रात्री, नदीकाठी, कादंबरीत हसू औषधालाही उरत नाही. आणि तिथेही मागे हटू पाहतो तो हाच सगळ्यांत तरुण मुलगा. हे बघवत नाही म्हणतो, आणि अ‍ॅथोस तलवार उपसून त्याला अडवतो.

अपमानाचा सूड हसवू शकतो, कारण त्यात जे गेलंय ते परत मिळू शकतं: पत्र, घोड्याची इज्जत, स्वतःची ऐट. मरणाचा सूड तसा हसवत नाही, कारण त्यात काहीच परत मिळत नाही. तुमच्या नाटकात एकच सरदार आहे, त्यानेच वाटेत मुलाच्या टोपीची थट्टा केलीय आणि त्यानेच पूर्वी वडिलांना मारलंय. दोन्ही हिशेब एकाच खात्यावर टाकलेत. प्रेक्षकाने टोपीचा हिशेब लक्षात ठेवला, कारण तो त्याच्या डोळ्यांसमोर घडला. खून मात्र फक्त संवादात होता.

म्हणून पहिला उपाय: माणसं वेगळी करा. टोपीची थट्टा करणारा दुसराच कोणी असू दे, एखादा खुशालचेंडू रक्षक, ज्याच्यामागे मुलगा सतत धावेल आणि जो शेवटी त्याचा मित्र होईल. मग तुमचे सगळे पाठलाग, खिडकीतून उड्या, चुकीच्या माणसावर उगारलेली तलवार, यातलं काहीच टाकावं लागणार नाही. ते सगळं या रक्षकाच्या खात्यावर जाईल. खुनी सरदाराच्या वाट्याला विनोद येऊ द्यायचा नाही, एकही नाही. तो रंगमंचावर येईल तेव्हा बाकीची पात्रं बोलायची थांबली पाहिजेत.

नट कमी असतील, दोन माणसं करणं शक्य नसेल, तर दुसरी वाट आहे, पण ती अवघड. तिचा सगळ्यांत चांगला नमुना मला विल्यम गोल्डमनच्या 'द प्रिन्सेस ब्राइड' मध्ये दिसतो. कादंबरी १९७३ ची, रॉब रायनरचा चित्रपट १९८७ चा. त्यातला तलवारबाज इनिगो लहान असताना हाताला सहा बोटं असलेल्या माणसाने त्याच्या बापाला मारलंय. कड्यावरचा त्याचा तो प्रसंग पुन्हा बघा. ज्याला मारायला तो थांबलाय तो माणूस कडा चढून दमलाय, म्हणून इनिगो त्याला दम खाऊ देतो. हे विनोदी आहे. मग तो त्याला आपल्या बापाची गोष्ट सांगतो आणि बापाने घडवलेली तलवार त्याच्या हातात बघायला देतो, आणि तो अनोळखी माणूस ती आदराने बघतो. इथे कोणी विनोद करत नाही. इनिगोही रडत नाही, आवाज चढवत नाही. दोन मिनिटांत प्रेक्षकाला कळतं की या माणसाच्या सगळ्या गमतीजमतींखाली एक जागा आहे जिथे हात लावायचा नाही. मग लगेच लढाई सुरू होते आणि पुन्हा धमाल. ही भूमिका करणाऱ्या मॅन्डी पटिन्किन यांनी नंतर मुलाखतींत सांगितलंय की त्यांचे स्वतःचे वडील कर्करोगाने गेले होते आणि शेवटच्या लढाईत त्यांच्या मनात तेच होते. ते पडद्यावर दिसतं.

यातून उचलण्यासारखं काय, तर जागा. दुःख शेवटी सांगू नका. पहिल्या वीस मिनिटांत सांगा, एका अनोळखी माणसाला, साध्या आवाजात, आणि ऐकणाऱ्याला हसू देऊ नका. ऐकणारं पात्र गंभीर झालं की प्रेक्षक गंभीर होतो. तुमच्या संहितेत मुलगा वडिलांच्या मरणाबद्दल पाच वेळा बोलतो आणि पाचही वेळा कोणीतरी त्यावर कोटी करतं, असं तुमच्याच वर्णनावरून दिसतंय. त्यातल्या एका वेळी कोटी काढून टाका. एकच पुरे. तो प्रसंग सगळं नाटक तोलून धरेल.

दुःखाला वस्तूही हवी. मी एकदा अशाच एका नाटकाच्या लढाया बसवत होते. त्यातही बापाची तलवार मुलाच्या कमरेला होती. कमरपट्टा मोठा होता, सारखा खाली घसरायचा आणि तालमीत सगळे हसायचे. दिग्दर्शकाने पट्टा बदलायचं ठरवलं. मी म्हटलं, बदलू नका, त्याला जादा भोकं पाडा, आणि ती पाडताना दाखवा. मग पहिल्या प्रवेशात आई आरीने पट्ट्याला चार नवी भोकं पाडते, मुलगा श्वास रोखून उभा राहतो, आई म्हणते, 'श्वास सोड, नाहीतर पुन्हा सैल होईल.' हशा यायचा, छान यायचा. दुसऱ्या अंकात मारेकरी लढाईच्या मधेच थांबतो, त्याची नजर त्या पट्ट्यावर जाते. जुन्या भोकांपाशी कातडं झिजलेलं, नवी भोकं कोरी. त्याला कळतं हा पट्टा आधी कोणाच्या कमरेला होता. संवाद नाही. प्रत्येक प्रयोगाला तिथे सभागृह गप्प झालं. ज्या वस्तूवर आधी हसलो तीच आता हसू देत नाही. तुमच्याकडे लांब तलवार आहेच. ती जिन्यात अडकते, दाराला लागते, एवढ्यावर सोडू नका. ती कोणाच्या उंचीची होती हे कोणीतरी मापून दाखवलं पाहिजे.

१६२७ साल तुम्ही कशासाठी निवडलंत ते कळलं नाही, पण निवड फार चांगली आहे, आणि तुम्ही ती वापरलेली नाही. कार्डिनल रिशल्यूच्या काळात १६२६ च्या फेब्रुवारीत द्वंद्वावर बंदी घालणारा कडक हुकूम निघाला. पुढच्याच वर्षी १२ मे ला काउंट द बूतव्हील या सरदाराने भर दिवसा पॅरिसच्या प्लास रॉयालमध्ये, म्हणजे आजच्या प्लास दे व्होजमध्ये, मुद्दाम द्वंद्व केलं. २२ जूनला त्याचं आणि त्याच्या सोबत्याचं मुंडकं उडवलं गेलं. एवढ्या मोठ्या घराण्यातला माणूस सुटेल असं सगळ्यांना वाटत होतं. आणि ज्याने बंदीचा आग्रह धरला त्या रिशल्यूचा स्वतःचा मोठा भाऊ १६१९ मध्ये द्वंद्वातच मेला होता.

यात तुमच्या नाटकाचा विनोदही आहे आणि भीतीही. खेड्यातून आलेल्या मुलाला बंदी माहीतच नाही. तो बाजारात उभा राहून मोठ्याने विचारतो, 'अमुक सरदाराशी द्वंद्व करायचंय, कुठे भेटेल?' आणि अख्खा बाजार त्याचं तोंड दाबायला धावतो. दोन सरदार भांडतात, तलवारीला हात घालतात, तेवढ्यात पहारेकरी येतो आणि दोघं एकमेकांना मिठी मारून तब्येतीची विचारपूस करू लागतात. हे सगळं हसवणार. पण प्रेक्षकाला हेही कळलेलं असतं की जिंकला तरी या मुलाची मान सुरक्षित नाही. मग शेवटच्या प्रसंगात ताण आपोआप येतो. त्याच्यासाठी वेगळे संवाद लिहावे लागत नाहीत. हा माझ्या मते तुमच्या नाटकातला सगळ्यांत न वापरलेला ऐवज आहे.

लढायांकडे वळण्याआधी इथवरचं थोडक्यात: मुलगा भाबडा ठेवा, वेंधळा नको, एक डाव त्याला अस्सल येऊ दे, अपमान आणि खून वेगळ्या माणसांवर टाका, ते जमत नसेल तर पहिल्या वीस मिनिटांत दुःखाला एक न हसणारा श्रोता द्या, आणि बंदी कामाला लावा.

लढाया. तुम्ही लिहिलंय की पाच आहेत. दोन महिन्यांत नवखी मुलं पाच लढाया सुरक्षित करू शकत नाहीत. तीन करा. माझा अनुभव असा की नीट बसवलेल्या एका मिनिटाच्या लढाईला नवख्या जोडीला रोज तासभर धरून तीन आठवडे लागतात. पहिली लढाई हलकी, मारामारी कमी आणि अडचण जास्त: खाणावळीत, हातात सुरई, समोर तीन जण. दुसरी खऱ्या खुन्याशी, अगदी लहान. मुलगा आपला निर्दोष डाव टाकतो आणि तो माणूस त्याला तीन हालचालींत निःशस्त्र करतो. तीनच. मग तो तलवार उचलून मुलाच्या हातात परत देतो आणि निघून जातो. याच्याइतकं भीतिदायक मी रंगमंचावर फार कमी पाहिलंय. तिसरी शेवटची.

एक सवय आपल्याकडच्या मुलांना मोडावी लागते. ऐतिहासिक नाटकं बघत मोठी झालेली मुलं हातात तलवार आली की डोक्यावरून वार करतात. मी दांडपट्ट्यात वाढले, मलाही तेच यायचं. दांडपट्ट्याची सगळी भाषा वर्तुळांची आहे. फ्रान्समधली त्या काळची रेपियर ही लांब, सरळ, टोकाने खुपसायची तलवार. तिची भाषा सरळ रेषेची. वजन साधारण एक किलोच्या आसपास, त्यामुळे ती काडीसारखी भिरभिरत नाही. मनगटाने टोक फिरवून हूल द्यायची, समोरच्याने अडवायला हात नेला की दुसऱ्या बाजूने जायचं. भाबड्या नायकासाठी हूल ही फार कामाची गोष्ट आहे, कारण हूल म्हणजे तलवारीने बोललेलं खोटं. पहिल्या लढाईत तो प्रत्येक हुलीला फसू दे. हात चांगला आहे, पण समोरचा खोटं बोलेल हे त्याला खरंच वाटत नाही. शेवटच्या लढाईत त्याने पहिल्यांदा स्वतः हूल द्यावी. प्रेक्षकाला तलवारीतलं काही कळत नसलं तरी मुलगा बदलला हे कळेल, आणि त्याच्यासाठी थोडं वाईटही वाटेल.

आता सुरक्षेचं, आणि यात तडजोड नाही. पाती बोथट, टोकाला गोळा. खुपसण्याचा वार नेहमी कमरेच्या बाहेरच्या बाजूला, चेहऱ्याच्या उंचीवर कधीच नाही. दोघांतलं अंतर एवढं की हात पूर्ण लांबवला तरी टोक अंगापासून वीतभर लांब राहील. प्रेक्षकाला समोरून ते कळत नाही. प्रत्येक वाराआधी डोळ्याला डोळा भिडला पाहिजे. आणि विनोदी लढाईतला एक धोका गंभीर लढाईत नसतो: हशा. तालमीत मुलं पात्याच्या आवाजावर पुढची हालचाल धरतात. प्रयोगात मोठा हशा येतो, आवाज बुडतो, एक जण थांबतो, दुसरा पुढे जातो. अनेक वर्षांपूर्वी एका स्पर्धेत मी बसवलेल्या लढाईत नेमकं हेच झालं आणि एका मुलाच्या बोटाचं हाड मोडलं. त्या दिवसापासून माझ्या लढायांत आवाजावर एकही हालचाल ठरत नाही, सगळ्या नजरेवर ठरतात; आणि जिथे हशा येणार तिथे दोघंही मागे सरून पवित्रा घेतात, हशा ओसरेपर्यंत तसेच थांबतात. त्याने विनोदही जास्त खुलतो. प्रयोगाच्या अर्धा तास आधी, कपडे आणि बूट चढवून, सगळ्या लढाया निम्म्या वेगाने एकदा करायच्या. रोज. पंचविसावा प्रयोग असला तरी.

शेवट कसा करावा, हे तुम्ही विचारलंय म्हणून सांगते, पण निर्णय तुमचा. मुलाने सरदाराला मारलं तर बंदीमुळे त्याची मानही जाणार, आणि तुमचं नाटक मुळात हसरं आहे, ते हे ओझं पेलणार नाही. सरदाराने माफी मागितली तर मला ते पटणार नाही. असा माणूस माफी मागत नाही. मला दिसतो तो प्रसंग असा. शेवटच्या लढाईत मुलगा हूल देतो, सरदार पहिल्यांदा फसतो, तलवार त्याच्या हातातून उडते. टोक त्याच्या गळ्यापासून हातभर लांब. मुलगा वडिलांचं नाव सांगतो. सरदार विचारतो, 'कोण?' त्याला आठवतच नाही. इतकी माणसं मारलीत त्याने. एवढी वर्षं ज्याच्यासाठी हा मुलगा जगला, ते मरण त्या माणसाच्या लक्षातही राहिलेलं नाही.

इथे कोणी हसणार नाही, याची मला खात्री आहे, मात्र एका अटीवर: नाव हळू उच्चारायचं. तुमचा मुलगा ते बहुधा ओरडून म्हणतोय. ओरडण्यात वीरपणा येतो, आणि आधीच्या अंकात याच वीरपणावर सगळे हसलेत, म्हणून सवयीने पुन्हा हसतात. पहिल्या वीस मिनिटांत त्या अनोळखी माणसाला ज्या आवाजात सांगितलं होतं, त्याच आवाजात सांगू दे. मग सरदाराच्या 'कोण?' नंतर मुलाने काय करायचं, हे तालमीत त्या नटाला ठरवू द्या. तलवार खाली करतो का, पट्टा सोडून त्याच्यापुढे टाकतो का, नुसता निघून जातो का. माझ्या नाटकातल्या मुलाने पट्टा दाखवून त्या सरदाराला नाव पुन्हा सांगितलं, मग पुन्हा, आणि त्याला ते स्वतःच्या तोंडाने म्हणायला लावलं. त्याने म्हटलं. तेवढ्यात पहाऱ्याचा शिट्टीचा आवाज आला आणि मुलाला खिडकीतून उडी मारावी लागली, पट्टा घसरत असताना. तिथे लोक हसले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

पहिल्या प्रवेशाची आणि त्या अनोळखी माणसाच्या प्रसंगाची पानं आधी लिहून काढा, बाकीचं तसंच राहू दे, आणि त्याच मुलांसमोर पुन्हा वाचन ठेवा. वाचताना शेवटच्या प्रसंगाच्या आधी मधे दहा मिनिटं चहाला सोडू नका. गेल्या वेळी सोडलं होतं असं तुम्ही लिहिलंय, आणि चहावरून परतलेली मुलं हसायच्या तयारीनेच बसतात.